देवनारचा ढीग आतून का धुमसतो?

जानेवारी २०१६मध्ये मुंबईतल्या देवनारच्या डंपिंग ग्राउंडला आग लागली तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आग कोणी लावली यावर खूप चर्चा झाली. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या ढिगात एवढं जळण आलं कुठून. त्यातला मोठा वाटा आपल्या घरातला शिळा भात आणि भाजीची देठं यांचा आहे.

‘ओल्या कचऱ्याचं काय, कुजून मातीच होते,’ हे हवा खेळती असेल तरच खरं. ढिगाच्या पोटातला ऑक्सिजन संपला की सूक्ष्मजीवांची वेगळीच मंडळी कामाला लागतात. पहिली तुकडी स्टार्च आणि प्रथिनं तोडते, दुसरी त्यांची आम्लं करते. तिसरी त्या आम्लांपासून अॅसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलं) आणि हायड्रोजन बनवते. शेवटी येतात मिथेनोजेन. हे जिवाणू नव्हेत, आर्किया नावाच्या अतिप्राचीन कुळातले जीव. ऑक्सिजन त्यांना विषासमान. अॅसेटिक आम्लाच्या एका रेणूपासून ते मिथेन या पेट घेणाऱ्या वायूचा एक आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू करतात. यातली खरी गंमत हायड्रोजनची: तो साचला तर तिसऱ्या तुकडीची रासायनिक अभिक्रियाच पुढे सरकत नाही. मिथेनोजेन तो लागलीच खाऊन टाकतात, म्हणून दोघांचंही पोट भरतं.

डंपिंगच्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. वरून कितीही पाणी मारलं तरी प्लास्टिकच्या थरांमुळे ते आत झिरपत नाही, आणि ढीग दिवसेंदिवस धुमसत राहतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ लागू झाले. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक झालं. ओला कचरा ढिगात गेलाच नाही, तर मिथेनोजेनना खायला काय मिळणार? नियम मुळावरच घाव घालणारा आहे. पण आमच्या गल्लीत अजूनही दोन्ही डबे गाडीच्या एकाच हौद्यात रिकामे होतात, आणि ते बघून जीव तुटतो.

निर्माल्य पिशवीत बांधून नदीत सोडण्यात पुण्य कसलं? तळाच्या गाळात तेच मिथेनोजेन बसलेले असतात.

गेल्या आठवड्यात ओल्या कचऱ्याची एक पिशवी गाठ मारलेली चार दिवस तशीच राहिली. सोडली तर आंबट भपका आला, म्हणजे आम्लवाली तुकडी कामाला लागली होती. तो कचरा ड्रममध्ये सुक्या पाल्यात कालवला. दोन दिवसांनी हात घातला, तर आतून चांगला गरम लागला आणि वास गेला होता.