हार्फबझ

हार्फबझ : युनिकोड मजकूर आणि फॉन्ट यांच्या मधल्या टप्प्यावर काम करणारी मुक्त-स्रोत लायब्ररी, म्हणजे इतर प्रणालींना वापरता येणारा तयार कोड. संगणकात साठवलेल्या संकेतांकांच्या मालिकेसाठी फॉन्टमधले कोणते ग्लिफ (अक्षराकृती) घ्यायचे आणि ते नेमके कुठे बसवायचे, हे ती ठरवते. या कामाला शेपिंग म्हणतात. मराठीत अक्षरघडण म्हणता येईल. ग्लिफ पडद्यावर रंगवणे, ओळ तोडणे, अक्षर फॉन्टमध्ये नसल्यास दुसरा फॉन्ट शोधणे ही कामे तिच्या कक्षेबाहेरची आहेत. लायब्ररी सी++ भाषेत लिहिलेली असून एमआयटी परवान्याखाली उपलब्ध आहे.

नाव फारसी आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे उघडा, खुला. म्हणून ‘ओपनटाइप’ या फॉन्टप्रकाराच्या नावाचा हा शब्दशः अनुवाद ठरतो. फारसीत ‘हर्फ-बाझ’चा दुसरा अर्थ बोलघेवडा असाही होतो आणि प्रकल्पाच्या कर्त्यांना तोही अभिप्रेत आहे. मराठी वाचकाला दोन्ही घटक परके नाहीत. ‘हरफ’ मराठीतही रुळलेला आहे आणि नखरेबाज, दगाबाज यांतला ‘बाज’ फारसीतूनच आला. मात्र हा प्रत्यय आणि ‘उघडा’ या अर्थाचा ‘बाझ’ हे फारसीत समोच्चारी पण वेगळे शब्द आहेत. त्यांची सरमिसळ करू नये.

प्रारंभ नेमका कोणता धरावा, याबद्दल एकवाक्यता दिसत नाही. फ्रीटाइप या ग्लिफ रंगवणाऱ्या लायब्ररीच्या पहिल्या आवृत्तीत, साधारण १९९०च्या दशकाच्या अखेरीस, ओपनटाइपची मांडणी-कोष्टके वाचणारा भाग होता. दुसऱ्या आवृत्तीत तो वगळला गेला. पॅन्गो आणि क्यूटी या दोन प्रकल्पांनी तो आपापल्या परीने उचलला आणि त्याला दोन फाटे फुटले. पुढे, बहुधा २००६-०७च्या सुमारास, हे फाटे सामाईक भांडारात एकत्र आले. आज त्याला जुना हार्फबझ म्हणतात. त्यानंतर प्रोग्रामर बेहदाद एस्फाहबोद यांनी सर्व कोड नव्याने लिहायला घेतला. त्याची १.० आवृत्ती २०१५ साली निघाली. वंशावळ फ्रीटाइपपर्यंत नेणारे मत चुकीचे नाही. परंतु आज प्रत्यक्ष वापरात असलेली रचना या पुनर्लेखनातून आली, त्यामुळे प्रारंभ तिथून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते.

देवनागरीत या लायब्ररीची खरी कसोटी लागते. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात, दिसण्याच्या नव्हे. ‘स्थि’ हे स, हलन्त, थ, वेलांटी या क्रमाने येते, पण वेलांटी काढायची ती अर्ध्या सच्याही आधी. ‘कार्यकर्त्यांनी’तल्या ‘र्त्यां’मध्ये सात संकेतांक आहेत, पहिला र रफार होऊन थेट अक्षराच्या शेवटी, अनुस्वाराशेजारी जातो. त्यासाठी हार्फबझ आधी मजकुराची अक्षरांत फोड करते, प्रत्येक अक्षरातले मुख्य व्यंजन शोधते, वेलांटी हलवते, रफार होणारा र हेरते आणि मग फॉन्टमधले अर्ध्या अक्षरांचे, रकाराचे, जोडाक्षरांचे नियम ठरावीक क्रमाने लावते. वेलांटी व रफार यांच्या जागा पक्क्या होतात त्या या नियमांनंतर. ओपनटाइपमध्ये देवनागरीचे जुने आणि नवे असे दोन विनिर्देश असून रकारासारख्या रूपांत हलन्त व्यंजनाच्या आधी की नंतर, याबाबत ते भिन्न आहेत. जुने फॉन्ट मोडू नयेत म्हणून दोन्ही सांभाळावे लागतात. अशा ठिकाणी मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब या अक्षरघडण-प्रणालीचे वर्तन पुष्कळदा प्रमाण मानले गेले.

मराठीपुरता सर्वांत नाजूक भाग म्हणजे ऱ्य, ऱ्ह यांतला अर्धा र. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. युनिकोडने हा र ऱ (संकेतांक ०९३१) आणि हलन्त असा लिहायला सांगितला आहे. जुन्या मजकुरात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशीही नोंद आढळते. दोन्ही मालिकांतून एकच रूप निघावे लागते आणि साध्या रचा रफार मात्र अबाधित राहावा लागतो. पडद्यावर दोन्ही लेखने सारखीच दिसतात, पण शोध घेताना ती जुळतीलच असे नाही. मराठी मजकूर जपणाऱ्या प्रत्येकाने हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळवले, तर हार्फबझ फॉन्टमधले मराठीसाठीचे नियम निवडते. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेतला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असा मिळू शकतो. अर्थात फॉन्टकाराने ती रूपे काढलेली हवीत.

फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड व लिनक्सवरील ग्नोम हे डेस्कटॉप-वातावरण यांत ही लायब्ररी वापरली जाते. झीटेक (XeTeX) या अक्षरजुळणी-प्रणालीने २०१३ मध्ये आणि लिब्रेऑफिसने सर्व संगणकप्रणालींवर २०१७ मध्ये ती स्वीकारली. फॉन्ट तपासण्यासाठी सोबत ‘एचबी-शेप’ व ‘एचबी-व्ह्यू’ ही आज्ञावली-साधने मिळतात.

मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली. तिच्यासाठी देवनागरीला लागू होणारा भाग न वापरता, अनेक लिपींना सामाईक असलेले सार्वत्रिक अक्षरघडण-यंत्र वापरले जाते.