बॅटरीवरची रिक्षा घेताय? परमिट लागत नाही, पण बाकीचे कागद लागतात

चिपळूण असो, कणकवली असो की कुडाळ, रेल्वे स्टेशनाबाहेरच्या थांब्यावर चार रिक्षावाले बसले की एक प्रश्न निघतोच: बॅटरीच्या रिक्षाला परमिट लागतं का? उत्तर सरळ आहे. लागत नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने १८ ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना परमिटच्या अटीतून वगळलं आहे.

मात्र परमिट नाही म्हणजे कागदच नाहीत, असा समज बरेच जण करून घेतात. तो महागात पडतो. नोंदणी, विमा, फिटनेस (गाडी सुस्थितीत असल्याचा दाखला), लायसन्स आणि बॅज (प्रवासी गाडी चालवायची चालकाची परवानगी) या गोष्टी पेट्रोलच्या रिक्षाला जितक्या सक्तीच्या, तितक्याच हिलाही. यातलं एखादं नसताना अपघात झाला, तर भरपाई घरादारावर येऊ शकते.

आधी प्रकार ओळखा

बाजारात दोन वेगळ्या गाड्या ‘इलेक्ट्रिक रिक्षा’ या एकाच नावाने विकल्या जातात. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ‘ई-रिक्षा’ म्हणजे २००० वॅटपर्यंतची मोटर, ताशी २५ किलोमीटरची वेगमर्यादा आणि चालक सोडून जास्तीत जास्त चार प्रवासी. तिच्यासाठी लायसन्सही वेगळं: किमान दहा दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते लायसन्स तीन वर्षांसाठीच मिळतं. दुसरी ‘एल-५’ गटातली, आपल्या नेहमीच्या रिक्षासारखी, जास्त ताकदीची आणि वेगाची.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे एल-५ च घ्यावी. सपाट शहरात ई-रिक्षा चालून जाते. पण बंदरावरून सड्यावर चढणारा रस्ता, मागे तीन माणसं, मुंबईहून आलेल्या बॅगा आणि वर आषाढाचा पाऊस, अशा वेळी ती चढणीला दम टाकते. आमच्या वाडीतल्या एकाने स्वस्त पडते म्हणून ती घेतली आणि वर्षभरात विकली. म्हणून कोटेशन घेताना त्यावर गाडीचा गट लिहून मागा. एका चार्जमध्ये किती जाते हा कंपनीचा आकडा चाचणीतला असतो. आपल्या चढणीवर भरल्या गाडीने फेरी मारून बघा, मगच पैसे द्या.

नोंदणी आणि लायसन्स

नोंदणीचा अर्ज ‘वाहन’ पोर्टलवर भरला जातो आणि बहुतेक वेळा विक्रेताच तो भरतो. तरी कागद स्वतः तपासा: नमुना २० (अर्ज), नमुना २१ (विक्रीचा दाखला), नमुना २२ (गाडी रस्त्यावर आणण्यायोग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला), विम्याची पॉलिसी, आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा. कर्ज असेल तर बँकेचा बोजा त्याच वेळी चढतो. पत्ता सिंधुदुर्गातला तर एमएच-०७, रत्नागिरीतला तर एमएच-०८, रायगडात पेण कार्यालयाकडे एमएच-०६.

२ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनुसार बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राची फी माफ आहे. बिलात कोणी ती लावली तर विचारा.

नंबर प्लेट हाती आली की एक गोष्ट डोळ्यांनी बघा. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर गाडी प्रवासी वाहतुकीची. पांढरी असतील तर ती खासगी म्हणून नोंदली गेली आहे, आणि तिच्यावर भाडं मारता येणार नाही. चूक त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

प्रवासी गाडी चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण हवीत. वैद्यकीय दाखला नमुना १-अ मध्ये लागतो. बॅजसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. तिला वेळ जातो, म्हणून गाडी बुक करण्याआधी अर्ज टाका. नाहीतर गाडी दारात उभी आणि हप्ता सुरू. नवीन गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं, मग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी.

सवलत

राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२५ हे ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात तीनचाकीला मूळ किमतीच्या १० टक्के सूट ठरवली आहे, कमाल मर्यादेत. इलेक्ट्रिक गाड्यांवर सूट देणाऱ्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेला मुदत आणि गाड्यांची संख्या, दोन्हींची मर्यादा होती. विक्रेता अजून तिच्या नावाने भाव सांगत असेल तर आधी ई-व्हाउचर दाखवायला सांगा. तोंडी सवलत हिशेबात धरू नका.

घरचं चार्जिंग

राज्याच्या याच धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग सुविधा ठरवली आहे. पण वाडी ते बाजारपेठ चालणाऱ्या रिक्षाला महामार्गाचा काय उपयोग? तिची बॅटरी रात्री घरीच भरायची. गाडीसाठी महावितरणकडे वेगळी जोडणी मागता येते. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नवीन जोडणीची मुदत नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस, ग्रामीण भागात १५ आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवस आहे.

पॉइंट पडवीत किंवा बंद गोठ्यात, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत असा घ्या. घर कातळावर असेल तर अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या, त्यात काटकसर नको. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांनी किती दिवस अंधारात काढले ते आठवा. पावसाळ्यात लाईट जाण्याआधीच बॅटरी भरून ठेवायची सवय लागते.

जोडणीच्या अर्जाला ओळखपत्र आणि घराचा पुरावा लागतो, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा घरपट्टीची पावती. इथेच आपली खरी अडचण. घर आजोबांच्या नावावर आणि हिस्सेदार चौघे, त्यातले दोघे मुंबईत, एक पुण्यात. मग संमतीपत्र लागतं आणि अर्ज महिनोन् महिने पडून राहतो. त्यामुळे दिवाळीत गाडी घ्यायची असेल तर सह्या गणपतीतच उरकून घ्या, तेव्हा सगळे भाऊ घरी असतात.