जाड थराने ग्लेझ खडबडीत होत नाही

ग्लेझबद्दल, म्हणजे मातीच्या भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाबद्दल, ‘थर जाड द्या, खडबडीत पोत आपोआप येतो’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी चांगली भांडी वाया जातात. साधं ग्लेझ जाड लावलं, तर ते वितळून ओघळतं आणि भांडं भट्टीच्या फळीला चिकटून बसतं.

पोत येतो तो मिश्रणातून. दाणेदार, तुटक ग्लेझमध्ये मॅग्नेशियम कार्बोनेट भरपूर असतं. ते सुकताना खूप आकसतं, त्यामुळे भाजण्याआधीच थराला वाळलेल्या चिखलासारख्या भेगा पडतात. नवखे लोक घाबरून त्या बोटाने बुजवतात. कृपा करून बुजवू नका! साधारण १२२० ते १२४० अंश सेल्सिअसला ग्लेझ मऊ होतं, पण मॅग्नेशियामुळे (मॅग्नेशियम कार्बोनेट तापून उरणाऱ्या ऑक्साइडमुळे) ते घट्ट राहतं. भेगा भरून येण्याऐवजी प्रत्येक तुकडा आत ओढला जाऊन गोळा होतो आणि मधे माती उघडी पडते. थर जाड लागतोच, पण अशाच मिश्रणाचा.

खड्ड्याखड्ड्यांचं ग्लेझ वेगळं: त्यात सिलिकॉन कार्बाइडमुळे वायूचे बुडबुडे फुटतात.

दाणेदार ग्लेझचे सुटे कण गळतात, म्हणून भांड्याखाली बिस्कची (एकदा भाजलेल्या, ग्लेझ न लावलेल्या मातीची) ताटली ठेवा. आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांना हे ग्लेझ आतून लावू नका. खाचांमधली घाण निघत नाही.