सिलिंडर कुणी उचलायचा?

बोट थांबते, नांगर पडतो आणि वेटसूटची चेन ओढत बसलेल्या बाईच्या पुढ्यातला हवेचा सिलिंडर कुणीतरी "द्या मॅडम, मी घेतो" म्हणत उचलतं. शेजारच्या पुरुषाचा सिलिंडर मात्र त्याच्याच पायाशी राहतो. एवढ्याशा गोष्टीवरून स्कूबा डायव्हिंगच्या जगात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. काही म्हणतात, साधं सौजन्य आहे, त्यात अपमान कसला? इतर म्हणतात, मला जमत नाही असं तुम्ही न विचारताच ठरवलंत. मग चर्चा त्या माणसाच्या हेतूवर घसरते आणि तिथेच अडकते. हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण ही सवय आली कुठून, हे पाहिल्याशिवाय वादाला अर्थ लागत नाही.

गंमत अशी की समुद्राखाली जाणं हे मुळात पुरुषांचं काम, ही समजूतच तशी अलीकडची आहे. जपानच्या आमा आणि कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो या बायका शतकानुशतकं एका श्वासावर बुडी मारून शंख, शिंपले, समुद्री शेवाळ काढत आल्या आहेत. आमांच्या बोटीवरच्या पद्धतीत बाई वजन धरून तळाशी जाते आणि वर बोटीत बसलेला पुरुष, बहुतेकदा नवराच, दोरीनं तिला ओढून घेतो. मदतच ती, आणि तीही जिवावरची. पण तिच्यात कुणाला कमीपणा वाटला नाही, कारण बुडी बाईची होती आणि दोरी किती वेळानं ओढायची हे तिच्या इशाऱ्यावर ठरत होतं. जेजूमध्ये किनाऱ्यालगतचा उथळ भाग म्हाताऱ्या हेन्योंसाठी राखून ठेवायची रीत आहे. त्याला आजीचा समुद्र म्हणतात. तिथे मदत वय आणि कसब पाहून ठरते. 2016 मध्ये युनेस्कोनं हेन्यो संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तोवर त्यातल्या बहुतेक बायका साठीपलीकडे गेल्या होत्या.

आजचं स्कूबा मात्र या परंपरेतून आलेलं नाही. ते आलं फ्रान्समधून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. 1943 मध्ये नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या सिलिंडरमधून पाण्याखाली श्वास घेऊ देणारं अ‍ॅक्वालंग तयार केलं. कुस्तोंची बायको सिमोन हिनं त्याच वर्षी ते पाठीवर घेऊन पाण्यात उडी मारली. स्कूबा वापरणारी पहिली स्त्री म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. पुढे कुस्तोंच्या 'कॅलिप्सो' या मोहिमांच्या जहाजावर ती नवऱ्यापेक्षा जास्त काळ राहिली. खलाशी तिला 'मेंढपाळीण' म्हणत. सगळ्यांचं जेवणखाण, आजारपण, पैशांची ओढाताण तिच्याकडे, आणि कॅमेऱ्यासमोर जवळपास कधीच नाही. जहाजाच्या इंधनासाठी तिनं दागिने विकल्याचं सांगतात. कुस्तोंच्या माहितीपटांत जगभरच्या प्रेक्षकांनी लाल टोपीतले पुरुष तेवढे पाहिले.

ऑस्ट्रियाच्या लोटे हास यांची गोष्ट उलट बाजूची. पाण्याखालचे चित्रपट काढणाऱ्या हान्स हास यांच्या कचेरीत ती सेक्रेटरी होती. मोहिमेवर बाई नको, हे हासचं ठाम मत. तिनं गुपचूप डायव्हिंग आणि पाण्याखालची फोटोग्राफी शिकून घेतली. 1950 च्या तांबड्या समुद्राच्या मोहिमेवर तिला नेलं गेलं खरं, पण त्यात चित्रपट कंपनीचा आग्रह मोठा होता: पडद्यावर सुंदर मुलगी हवी. म्हणजे जे दार कसबावर उघडलं नाही, ते रूपावर उघडलं. आत गेल्यावर तिनं काम कसबाचंच केलं. चित्रपटाला 1951 मध्ये व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळालं.

अमेरिकेत 1950 च्या दशकात जे प्रशिक्षण सुरू झालं, तिथे आजच्या वादाचं बरंचसं मूळ आहे. शिकवणारे बरेचसे नौदलातून आलेले, त्यामुळे वर्गही लष्करी थाटाचे: पाण्यात अचानक मास्क ओढायचा, हवा बंद करायची, सगळं सामान अंगावर असताना जोर काढायला लावायचे. टिकेल तो डायव्हर. अशा वातावरणात 1955 मध्ये डॉटी फ्रेझियर लॉस एंजेलिस काउंटीच्या इन्स्ट्रक्टर कोर्समधून उत्तीर्ण झाल्या. अमेरिकेतल्या त्या पहिल्या महिला इन्स्ट्रक्टर. पुढे त्यांनी स्वतःचं डायव्ह शॉप चालवलं, वेटसूट शिवून विकले. त्याच सुमारास, 1954 मध्ये, झेल पॅरी ही डायव्हर 209 फूट खोल गेली आणि पुढच्या वर्षी एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. अशी उदाहरणं होती, पण अपवाद म्हणून. सर्वसाधारण बाई डायव्हिंगला यायची ती कुणाची तरी बायको किंवा मैत्रीण म्हणून. सामान नवऱ्यानं निवडलेलं, जोडलेलंही नवऱ्यानं. पुरुष शिकायला येतो, बाई सोबत येते, ही धारणा तिथे रुजली आणि बोटीवरचं सौजन्य तिच्यावरच वाढलं.

1970 चा टेक्टाइट प्रकल्प या बाबतीत मोठा बोलका आहे. कॅरिबियनमधल्या सेंट जॉन बेटाजवळ साधारण 15 मीटर खोलीवर एक निवासस्थान ठेवून शास्त्रज्ञांनी तिथे दोन-दोन आठवडे राहायचं, असा बेत. अमेरिकी सागरी शास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल यांनी अर्ज केला तेव्हा त्यांच्या गाठीशी एक हजाराहून जास्त तासांचं डायव्हिंग होतं. स्त्री-पुरुष एकत्र राहणार ही कल्पना वरिष्ठांना झेपेना, म्हणून पाच जणींची वेगळी तुकडी केली गेली. प्रकल्पप्रमुख म्हणाले होते की निम्मे मासे माद्याच असतात, तेव्हा काही बायका आपण चालवून घेऊ. ही आठवण स्वतः अर्ल सांगत आल्या आहेत. उदारपणाच म्हणायचा! तुकडीनं काम चोख केलं. वर्तमानपत्रांनी त्यांना 'अ‍ॅक्वाबेल्स', 'अ‍ॅक्वानेट्स' अशी लाडिक नावं दिली आणि बोस्टनच्या एका दैनिकानं मथळ्यात अर्ल यांना गृहिणी म्हटलं. याआधी 1964 मध्ये त्या 'अँटन ब्रून' जहाजावरून हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेवर निघाल्या, तेव्हा मोंबासाच्या वर्तमानपत्राला बातमी दिसली ती सत्तर पुरुषांत एक बाई एवढीच. त्याच मोहिमेतून आपल्याकडे 1966 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, म्हणून हा संदर्भ आपल्याला तितका परका नाही.

मग काळजीला विज्ञानाचा आधार मिळाला. 1970 च्या दशकातल्या काही पाहण्यांवरून असं मांडलं गेलं की बायकांना बेंड्सचा, म्हणजे दाब झपाट्यानं कमी झाल्यावर रक्तात बुडबुडे होण्याचा, धोका पुरुषांच्या कितीतरी पट आहे. त्यातली काही आकडेवारी प्रश्नावल्यांतून आलेली, काही विमानोड्डाणाच्या दाबकक्षांतली. 1987 मध्ये अमेरिकी नौदलाच्या डायव्हर्सची तुलना झाली, तिच्यात फरक आढळला नाही. 2002 मध्ये 2,250 डायव्हर्सच्या ब्रिटिश अभ्यासात तर अनुभवाचा हिशेब धरल्यावर प्रमाण पुरुषांतच जास्त निघालं. तोवर "तुम्ही जरा कमी खोल जा" हे वाक्य एका पिढीच्या तोंडी बसलं होतं. पाळीत शार्क मागे लागतो ही भाकडकथाही त्याच काळातली, आणि ती अजून जिवंत आहे. गरोदरपणात डायव्हिंग टाळा हा सल्ला मात्र आजही सगळ्या संस्था देतात, आणि त्याला ठोस कारण आहे: गर्भाच्या रक्तातले बुडबुडे गाळायला त्याची फुप्फुसं अजून कामाला लागलेली नसतात. प्रत्येक काळजी म्हणजे भेदभाव असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

वजनाचं काय? सगळीकडे चालतो तो अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर भरलेला असताना साधारण 17 किलोचा असतो. आपल्या घरातला भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास, आणि तो ओट्याखाली सरकवणारे हात कुणाचे असतात ते सांगायला नको. लष्करात वजनाचीच भिंत उभी होती. अमेरिकी नौदलाचा मार्क फाइव्ह हा जुना, तांब्या-पितळेच्या शिरस्त्राणाचा पोशाख जवळपास 90 किलोचा. तो अंगावर घेऊन डोना टोबायस 1975 मध्ये नौदलाच्या पहिल्या महिला डीप-सी डायव्हर झाल्या. 1982 मध्ये अमेरिकी भूदलात तोच मान अँड्रिया मॉटली क्रॅबट्री यांना मिळाला. नागरी डायव्हिंगमध्ये ताकदीचा मुद्दा तोवर मागे पडत चालला होता. तरंगणं सांभाळणारी जॅकेटं आली, हवेचा दाब दाखवणारे गेज आले, अभ्यासक्रम सुटसुटीत झाले. आज पॅडी या सर्वांत मोठ्या संस्थेचं प्रमाणपत्र घेणाऱ्यांत दर शंभरात पस्तीस ते चाळीस बायका असतात. सामान मात्र मागेच राहिलं. बायकांच्या मापाची जॅकेटं उशिरा आली, आणि थंड पाण्यात अंग कोरडं ठेवणाऱ्या ड्रायसूटमध्ये पुरुषांसाठी लघवीचा व्हॉल्व्ह असताना बायकांना किती तरी वर्षं डायपरवर भागवावं लागलं. मापात न बसणारं जॅकेट घातलेली बाई पाण्यात चाचपडली, की पुन्हा कुणीतरी मदतीला धावणारच.

मदतीचा खरा पेच सिलिंडर उचलण्यात नाहीच. हलत्या बोटीवर, ओल्या शिडीवर कुणाचंही वजन कुणीही उचलावं; अंदमानात किंवा इंडोनेशियात बोटीवरची पोरं सगळ्यांचंच सामान लावून देतात. पेच सुरू होतो तो जोडणीत. सिलिंडरवर जॅकेट बसवणं, रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून श्वास घ्यायचा ते यंत्र, लावणं, व्हॉल्व्ह उघडणं, श्वास घेऊन गेजचा काटा हलतो का पाहणं: हे ज्यानं केलं नाही, त्याला आपण कशावर श्वास घेतोय हे माहीत नसतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यायची जुनी पद्धत होती. "एकदा बघतो हं" म्हणत एखाद्या भल्या माणसानं उलट्या दिशेनं फिरवलं, की व्हॉल्व्ह बंद होऊन पाव फेराच उघडा राहतो. बोटीवर श्वास नीट येतो. वीस मीटरवर, जिथे प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा लागते, तिथे तो अडतो. म्हणून आता पूर्ण उघडा आणि तसाच ठेवा असं शिकवतात. अशा अपघाताला स्त्री-पुरुष कळत नाही. पण न विचारता जिच्या सामानाला हात लावला जातो, ती बहुधा बाई असते. माझ्या लेखी विचारण्याचं महत्त्व इथे शिष्टाचारापेक्षा मोठं आहे.

मानसशास्त्रात ग्लिक आणि फिस्क यांनी 1996 मध्ये दाखवलं की स्त्रियांबद्दलचा भेदभाव उघड तिरस्काराइतकाच कौतुकातून आणि संरक्षणातूनही चालतो. डायव्हिंगमध्ये त्याची पुनरावृत्ती रोज दिसते: ब्रीफिंग, म्हणजे डाइव्हआधीच्या सूचना, जोडप्याला, नजर नवऱ्याकडे, प्रश्न तिनं विचारला, उत्तर त्याला. खरं तर अंगानं लहान माणसाला हवा कमी लागते, त्यामुळे बऱ्याचदा नवऱ्याचा दाबाचा काटा 50 बारवर आल्यामुळे दोघांना वर यावं लागतं आणि तिच्या सिलिंडरमध्ये 90 शिल्लक असतात. ही बाब ब्रीफिंगमध्ये सहसा येत नाही.

कोकणात या सगळ्याला वेगळं वळण आहे. मालवण-तारकर्लीत पर्यटक ज्याला स्कूबा म्हणतात, त्यात गाइड प्रत्येकाचा सिलिंडर मागून धरूनच खाली नेतो, बाई असो की पैलवान. तिथे सगळेच सारखे परावलंबी, त्यामुळे भेद दिसत नाही. तो दिसतो पुढच्या पायरीला, चार डाइव्हचा ओपन वॉटर कोर्स करताना. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, प्रशिक्षण संस्था झाल्यापासून असे कोर्स तिथेच शिकता येतात. जोडपं आलं की दोघांचंही सामान तो जोडतो, ती बघते, आणि प्रमाणपत्राचं कार्ड मात्र दोघांना मिळतं. चांगला इन्स्ट्रक्टर अशा वेळी जोडीच फोडतो: बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, बदलतो, तिचं सामान तिच्याकडूनच तीनदा उघडून-जोडून घेतो. नवरा थोडा हिरमुसतो.