पातं पुढं सरकतं तेव्हा कोन का बिघडतो?

सांगली, मिरज, साताऱ्याच्या फर्निचर गाळ्यांत माइटर सॉ (लाकूड हव्या त्या कोनात आडवं कापणारं गोल पात्याचं मशीन) घेताना एक समज हमखास आड येतो: स्लायडिंग मशीन महाग, म्हणजे त्याचा कोन जास्त अचूक. तसं नाही. स्लाइडमुळं रुंदी मिळते, अचूकता नव्हे.

१० इंची पात्याचं साधं मशीन बिजागरीवर फक्त खाली येतं. गोल पात्याची जेवढी जीवा लाकडातून जाईल, तेवढीच फळी कापते: काटकोनात साधारण ५.५ ते ६ इंच, ४५ अंशांत त्याच्या ०.७ पट, म्हणजे ४. स्लायडिंगमध्ये तेच पातं दांड्यांवर पुढंमागं सरकतं आणि १२ इंची फळीही उरकतं.

सगळी मेख या दांड्यांत आहे. एका टोकाला पकडलेल्या दांड्याला दुसऱ्या टोकाशी आडवा जोर लागला, तर त्याचा वाक लांबीच्या घनाप्रमाणं वाढतो. लांबी २ पट, वाक ८ पट. सागाच्या वर्षवलयांत कठीण आणि मऊ थर एकाआड एक असतात. तिरक्या कापात पातं मऊ बाजूला ओढलं जातं. मशीनचं डोकं, म्हणजे पातं धरणारा भाग, पूर्ण बाहेर ओढलेलं असताना हीच ओढ सर्वांत जास्त नडते. साध्या मशीनचा कोन चुकला तरी दर वेळी सारखाच चुकतो, म्हणून गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून तो एकदाच बसवता येतो. स्लाइडची चूक पात्याच्या जागेबरोबर बदलते; एका सेटिंगनं ती जात नाही. काप कुठं पडेल ते दाखवणारी लेझरची रेषाही इथं उपयोगाची नाही, ती वाक थांबवत नाही.

चौकोनी फ्रेमला ८ काप लागतात. प्रत्येकात पाव अंश चुकला, तर बेरीज २ अंश. तीन कोपरे घट्ट बसवल्यावर ३ इंची पट्टीच्या चौथ्या कोपऱ्यात एका सुताहून (१/८ इंच) मोठी फट राहते.

तपासायचं असेल तर दोन्ही कडा समांतर असलेली रुंद फळी काटकोनात कापा, एक तुकडा उलथा करून कापाला काप भिडवा. दिसेल ती फट चुकीच्या दुप्पट असते.

पावसाळ्यात उघडलेल्या सांध्याचा दोष मात्र मशीनचा नसतो. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही, त्यामुळं ४५चा कोनच बदलतो. शिराळ्याच्या दमट हवेतलं लाकूड जतच्या कोरड्या हवेत नेलं की हेच उलट दिशेनं होतं. अमावस्येला तोडलेलं झाड टिकतं असं मानून ओलं लाकूड वापरू नका, आधी वाळवा.

फ्रेम आणि बिडिंगच्या ४ इंचांपर्यंतच्या पट्ट्यांना साधं मशीन घ्या. जिन्याच्या पायऱ्या, कपाटाच्या फळ्या रोजच्या असतील तर स्लायडिंग; त्यावर अरुंद पट्टी कापताना डोकं मागं नेऊन स्लाइड लॉक करा. रुंद फळीला मशीन बंद असताना डोकं पुढं ओढा, पातं पूर्ण वेगात आल्यावर खाली दाबा आणि मग मागं ढकला. कापता कापता स्वतःकडे ओढलंत, तर पातं लाकडावर चढून अंगावर येतं.