दादाचा हात वर होण्याआधी

ठाण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी तालीम चालते. पंचवीस-तीस मुलं, सहावीपासून कॉलेजपर्यंतची. बहुतेकांकडे व्हायोलिन, तीन चेलो, दोन बासऱ्या, एक क्लॅरिनेट. पुढे उभा असतो एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, म्हणजे या वाद्यवृंदाचा कंडक्टर. मुलं त्याला ‘दादा’ म्हणतात. माझी भाची तिथे दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसते. मुलांना सोडायला आलेले पालक दारात थांबतात आणि एकच प्रश्न विचारतात, तोही अगदी रास्त: हा स्वतः काही वाजवत नाही, मग करतो काय?

आपल्या मैफलीला अशा माणसाची गरज कधी पडली नाही, म्हणून हा प्रश्न पडतो. गायक, तबलजी आणि पेटीवाले एकमेकांकडे बघतात आणि समेवर एकत्र येतात. तिघा-चौघांत नजर पुरते. तीस जण असले की मागच्या रांगेला पुढचं नीट ऐकूही येत नाही. आपल्या ढोलपथकात ताशा जे काम करतो, म्हणजे सगळ्यांना एका लयीत धरून ठेवतो, ते इथे हाताने करावं लागतं. उजवा हात ठेका दाखवतो, डावा आवाजाचा चढउतार. खरं काम मात्र पहिल्या ठोक्याच्या आधीच होऊन जातं. दादा श्वास घेतो, हात उचलतो, आणि त्या उचलण्यातच लय सांगून टाकतो. मुलांसमोर फक्त आपापली ओळ असते. त्याच्यासमोरच्या स्कोअरवर सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक असतात.

व्हायोलिनचा रियाज दार लावून एकट्याने करता येतो. कंडक्टरचा येत नाही, कारण त्याचं वाद्य म्हणजे समोरची माणसं. त्यामुळे तरुण कंडक्टर कुठून आले हे बघायला गेलं की बहुधा आधी मुलांचा वाद्यवृंद सापडतो. आणि त्या वाद्यवृंदाची सुरुवात बघायला गेलं की पुष्कळदा एखादं अनाथालय, नाहीतर निर्वासितांची छावणी.

व्हेनिसच्या पिएता अनाथालयात 1703 मध्ये पंचविशीतला संगीतकार अंतोनियो विवाल्दी व्हायोलिन शिकवायला लागला. तिथल्या मुलींचं वादन ऐकायला परदेशातून प्रवासी यायचे. आज आपण संगीतशाळेला ‘कॉन्झर्व्हेटरी’ म्हणतो, तो शब्दही इटलीतल्या अनाथालयांच्या नावावरूनच आला.

आपल्याकडे हेच मध्य प्रदेशातल्या मैहरला घडलं. 1918 च्या सुमारास तिथे रोगाच्या साथीत पोरकी झालेली मुलं उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी गोळा केली आणि त्यांच्या हातात वाद्यं दिली. सतार, सरोद आणि व्हायोलिनबरोबर बंदुकीच्या नळ्या कापून केलेला नलतरंगही त्यात होता. रागसंगीत तोंडपाठ वाजवणाऱ्या मुलांचा तो मैहर बँड. युवा वाद्यवृंद ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असं कुणी म्हटलं की मला ही मुलं आठवतात. अल्लाउद्दीन खाँचे शिष्य रविशंकर 1952 मध्ये आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे पहिले संचालक झाले, तेव्हा हा धागा दिल्लीपर्यंत पोचला.

मुंबईचा धागा वेगळा. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. 1936 मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा झुबीन या तालमी ऐकतच वाढला. शाळकरी वयात वडिलांनी त्याला एकेका विभागाची तालीम घ्यायला दिली आणि सोळाव्या वर्षी तो तालमीत पूर्ण वाद्यवृंदासमोर उभा राहिला. 1954 मध्ये तो व्हिएन्नाला शिकायला गेला. दोन वर्षांनी हंगेरीतला उठाव चिरडला गेला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले, तेव्हा त्याने सात दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवला आणि व्हिएन्नाबाहेरच्या छावणीत कार्यक्रम केला. वय वर्षं वीस. 1962 मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्याच्याकडे अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची सूत्रं आली. वडीलही पुढे त्याच शहरात गेले आणि 1964 मध्ये त्यांनी तिथे अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली. तीस वर्षांहून अधिक काळ ते तरुण वादकांना घडवत राहिले. मुलाच्या कीर्तीपुढे वडिलांचं हे काम झाकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच फिलहार्मोनिकवर 2009 मध्ये कंडक्टर म्हणून गुस्ताव्हो दुदामेल आला, तो व्हेनेझुएलातून. होसे अँतोनियो अब्रेऊ यांनी 1975 मध्ये काराकासच्या एका गॅरेजमध्ये अकरा वादकांना घेऊन तालीम घेतली, त्यातून ‘एल सिस्तेमा’ ही संगीतशिक्षणाची योजना उभी राहिली आणि गरीब वस्त्यांतली लाखो मुलं तिच्यातून वाजवायला शिकली. तिथला शिरस्ता असा की आधी समूहात बसायचं, बोटं मग तयार होतात. दुदामेलला वडिलांसारखा ट्रॉम्बोन वाजवायचा होता, पण हात पुरेना, म्हणून व्हायोलिन आलं. अठराव्या वर्षी तो सिमोन बोलिव्हार युवा वाद्यवृंदाचा संचालक झाला. ही कथा नुसती गोड करून सांगू नये. सरकारी पैशावर चालणारी ही योजना सत्तेच्या सावलीतच वाढली. 2017 मध्ये तिथल्या निदर्शनांत एल सिस्तेमात शिकलेला अठरा वर्षांचा व्हायोलावादक मारला गेला. दुदामेलने सरकारवर जाहीर टीका केली आणि त्याच्या युवा वाद्यवृंदाचा परदेश दौरा रद्द झाला.

आणि आपलं ठाणं? इथे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की वर्षानुवर्षं गणेशोत्सवातल्या मांडवातली किंवा गडकरी रंगायतनमधली हिंदी-मराठी गाण्यांची रात्र डोळ्यांसमोर आली. व्हायोलिनचे ताफे होते ते सिनेमाच्या स्टुडिओंत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून आलेले वादक तिथे रांगेने बसायचे. सिंथेसायझर आला, रेकॉर्डिंग ट्रॅकवर होऊ लागलं आणि या रांगा विरळ झाल्या. त्यांच्यासोबत धाकट्याने थोरल्याशेजारी बसून शिकायची जागाही गेली. 2006 मध्ये मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, पण तो नरिमन पॉइंटला. 1853 मध्ये पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तेव्हा अंतर 34 किलोमीटर होतं, आजही जवळपास तेवढंच आहे. चेलो घेऊन लोकलने ते कापायचं आणि पुढे टॅक्सी. वाशी-नेरूळच्या मुलांची हार्बर लाइनवर हीच कथा.

दरम्यान घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यासोसायट्यांत कीबोर्ड, गिटार, व्हायोलिनचे क्लास निघाले. मुलं ग्रेडच्या परीक्षा देतात, प्रमाणपत्रं मिळवतात आणि दहावी आली की वाद्य कपाटावर जातं. माझ्या भाचीचंही तसंच झालं असतं. चार वर्षं ती एकटीच वाजवत होती. आपला सूर शेजारच्याच्या सुरात मिळवायचा असतो, हे तिला या सभागृहात पहिल्यांदा कळलं.

गेल्या रविवारी तालमीची शेवटची दहा मिनिटं दादा बाजूला झाला आणि चेलो वाजवणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला त्याने पुढे बोलावलं. तिने हात उचलला, पण श्वास घ्यायला विसरली. अर्धे आधी वाजले, अर्धे नंतर. दादा दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत, माझ्या भाचीशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला आणि म्हणाला, “परत. आम्ही बघतोय तुझ्याकडे.” तिने श्वास घेतला.