मातीवरचा हिरवा पापुद्रा: नत्रापासून कार्बनपर्यंत

नाशिक भागातल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘कार्बन क्रेडिट’ (हवेतला कार्बन कमी केल्याबद्दल मिळणारे, विकता येणारे प्रमाणपत्र) आता नवखे राहिलेले नाही. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आणि मातीत कार्बन साठवून पैसे मिळतील का, ही विचारणा वाढली. त्याच ओघात मातीच्या अगदी वरच्या, काही मिलिमीटर जाडीच्या जिवंत थराचेही नाव घेतले जाते. पण हा थर शेतीशास्त्राला नवा नाही. आपल्याकडे त्याची ओळख आधी नत्रासाठी झाली, मग चोपण (क्षारांनी बिघडलेल्या) जमिनीसाठी. कार्बन फार उशिरा आला.

थर ओळखणे सोपे आहे. पावसाळ्यात बांधाच्या सावलीच्या अंगाला किंवा द्राक्षबागेत ड्रीपरच्या आसपास काळपट हिरवी साय धरते. नखाने अलगद उचलली तर पापुद्रा अखंड निघतो आणि खालच्या बाजूला मातीचे कण धाग्यांना लटकलेले दिसतात. ते धागे निळ्या-हिरव्या शेवाळाचे. त्यांच्या भोवतीचा चिकट पदार्थ कणांना बांधून ठेवतो. कोरड्या प्रदेशात यांच्या जोडीला दगडफूल आणि हरिता (मॉस) येतात. उन्हाळ्यात सगळे वाळून पडते, पाणी मिळताच काही मिनिटांत पुन्हा कामाला लागते.

भाताच्या खाचरात खत न घालताही वर्षानुवर्षे पीक कसे येते, हे कोडे जुने होते. पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले की खाचरातले हे शेवाळ हवेतला नत्र स्थिर करते. पुढे बनारस हिंदू विद्यापीठाच्या आर. एन. सिंह यांनी उत्तर प्रदेशातल्या ऊसर, म्हणजे चोपण जमिनींवर काम केले. बांध घालायचा, पावसाचे पाणी अडवायचे आणि शेवाळ वाढू द्यायचे. त्याचा निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध झाला: जमिनीचा सामू (पीएच) उतरला, सेंद्रिय पदार्थ वाढले. कार्बनचा शब्दही न उच्चारता केलेला हा कार्बनचाच प्रयोग होता, असे माझे मत आहे.

त्यानंतर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी शेवाळाचे खत घरच्या घरी करण्याची पद्धत रुळवली. उथळ ट्रेमध्ये ८-१० किलो माती, २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट, वर पाणी आणि विरजण म्हणून मूठभर शेवाळ. पाणी आटले की वाळलेले पापुद्रे खरवडून पोत्यात भरायचे. लावणीनंतर आठवडाभराने हेक्टरी १० किलो टाकायचे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भातपट्ट्याला साजेशी ही गोष्ट. पण दुकानात युरियाची गोणी मिळत असताना ट्रे सांभाळत कोण बसणार?

दुसरा धागा वाळवंटातला. चीनमध्ये पाओथौ-लानचौ रेल्वेमार्ग वाळूखाली जाऊ नये म्हणून १९५० च्या दशकात शापोथौ येथे गवताच्या काड्यांचे चौकोन वाळूत रोवले. वाळू स्थिरावली आणि कालांतराने तिच्यावर जिवंत थर धरला. नंतर तिथल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेले शेवाळ वाळूवर शिंपडायला सुरुवात केली. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात जेन बेल्नॅप यांच्या कामातून उलट बाजू पुढे आली: एकदा तुडवलेला थर पूर्ववत व्हायला कित्येक दशके लागतात.

कार्बनचा मोठा आकडा २०१२ मध्ये आला. माती, खडक आणि झाडांच्या साली यांवरचे असे सगळे थर मिळून वर्षाला सुमारे ३९० कोटी टन कार्बन शोषतात, म्हणजे जमिनीवरच्या वनस्पतींच्या निव्वळ उत्पादनाच्या जवळपास ७ टक्के. शोषणे म्हणजे साठवणे नव्हे, हे मात्र चर्चेत बऱ्याचदा निसटते. त्यातला बराच कार्बन श्वसनातून परत हवेत जातो. नुसती भुरभुर होऊन लगेच ऊन पडले तर थर कमावतो कमी, गमावतो जास्त.

साधा हिशेब करून पाहा. एका एकरावर २ मिलिमीटरचा थर, घनता १.३ धरली तर, सुमारे साडेदहा टन भरतो. त्यात २ टक्के कार्बन धरला तरी २१० किलो. उलट १५ सेंटिमीटर मातीत सेंद्रिय कर्ब (कार्बन) अवघा अर्धा टक्का असला, तरी तो ३,९०० किलोंच्या आसपास जातो. पापुद्रा ही तिजोरी नव्हे. त्याचे खरे मोल वाऱ्या-पावसात वरची कसदार माती आणि तिच्यातला कर्ब जागेवर धरून ठेवण्यात आहे.

शिवाय नाशिकची शेती आहे वरचा थर फोडण्यावर उभी. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ हे येवला-नांदगाव-सिन्नरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. काळ्या जमिनीच्या भेगा बुजवायच्या तर कोळपे फिरवावेच लागते, आणि ते फिरले की पापुद्रा गेला. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ओळींमधली माती तुलनेने कमी हलते, पण तिथे डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. शेततळ्यातले शेवाळ मारायलाही मोरचूदच वापरतात, मग बागेत खाली ठिबकणाऱ्या मोरचुदाने त्या सायीचे भले कसे होईल?

जागा उरतात त्या बांध, पडीक माळ आणि विना नांगरणीचे भात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफे मोडत नाहीत, चिखलणी नाही, मुळे जमिनीतच राहतात. थर टिकायला हे चांगले वातावरण आहे, पण तिथे वाढणाऱ्या कर्बाचे श्रेय आधी मुळांना जाते.

मोजणीची अडचण वेगळीच. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा रकाना आहे. नमुना घेताना वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा घेतात. २ मिलिमीटरचा पापुद्रा एकतर खुरप्याने आधीच बाजूला पडतो, नाहीतर पंचाहत्तर पट जाड मातीत मिसळून जातो. त्या थराच्या नावाने पैसे द्यायचे कुणी ठरवले, तर नमुना घेण्याची रीतच आधी बदलावी लागेल.